एकाचं तिकीट ४,४९९, मग सहा जणांचे जवळपास सत्तर हजार कसे झाले?

आमच्या आईनं ठरवलं, हरिद्वारला जायचं. आता परभणीहून सचखंड एक्सप्रेस थेट दिल्लीला सोडते, पण बाबांचे गुडघे चोवीस तासांच्या वर गाडीत बसायला तयार नाहीत, म्हणून म्हणलं दिल्लीपर्यंत विमानानं जाऊ, पुढं हरिद्वारला गाडी करू. मोबाईल उघडला, संभाजीनगर ते दिल्ली, ठळक अक्षरात ४,४९९. मी लगेच हिशोब केला, आई, बाबा, आम्ही दोघं आणि दोन लेकरं, सहा जण, जाऊन येऊन बारा तिकिटं, चोपन्न हजाराच्या आत काम होतंय. बायकोला सांगितलं पण. आणि पैसे भरायच्या शेवटच्या पानावर आलो तर तिथं आकडा एकोणसत्तर हजाराला टेकलेला.

मला आधी वाटलं साईटचाच काहीतरी घोळ आहे. घोळ नव्हता, सगळं लिहिलेलं होतं, फक्त एका जागी नव्हतं. कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाईन बुकिंग केल्याची फी, माणशी ३५०, सीटचे २५०, जेवणाचे ४००, आणि प्रवास विमा २४९, ज्याच्यावर मी बोट न लावता टिक झालेली. एकेक आकडा बघितला तर वाटतं, जाऊ द्या ना, अडीचशे-तीनशे रुपयानं काय होतंय. बेरीज केली तर १,२४९. पण ते बाराने गुणले की १४,९८८. एकटा माणूस ऑफिसच्या कामाला जातो त्याला हे टोचत नाही, त्याचा गुणाकार दोनाचा असतो. आपला बाराचा असतो. फॅमिलीचं तिकीट काढताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकीचं पुढं सगळं त्यातूनच निघतं: जो आकडा दिसला तो माणसं गुणिले फेऱ्या करून बघा, मग ठरवा तो छोटा आहे का मोठा.

आता हे पैसे जातात कुठं ते बघू. तिकिटात आधी असतं मूळ भाडं, त्यात कधी इंधनाचा चार्ज. त्याच्यावर विमानतळाची यूडीएफ म्हणजे युजर डेव्हलपमेंट फी, ती प्रत्येक विमानतळाची वेगळी. मग सुरक्षेची फी, ती देशातल्या प्रवासाला २०२१ पासून माणशी २०० रुपये आहे. आणि जीएसटी, इकॉनॉमीला ५ टक्के. हे कुणालाच चुकत नाही, कुठूनही बुक करा. याच्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण कन्व्हिनियन्स फी, सीट, जेवण, विमा, 'फ्री कॅन्सलेशन', प्रायॉरिटी बॅग, दान करा म्हणून आलेले पाच-दहा रुपये, हे सगळं वेगळ्या गठ्ठ्यातलं. गंमत अशी की पडद्यावर दोन्ही गठ्ठे 'टॅक्सेस अँड फीज' असल्या एकाच नावाखाली कोंबलेले असतात, म्हणून माणसाला वाटतं सगळा सरकारचाच कर आहे. त्या ओळीच्या बाजूला छोटा बाण असतो, तो दाबला की फोड दिसते. तो दाबायचाच.

भाव थेंबथेंबानं वाढवत न्यायचा या प्रकाराला ड्रिप प्रायसिंग म्हणतात, आणि न मागता टोपलीत वस्तू टाकायची, जसा माझा विमा, त्याला बास्केट स्नीकिंग. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं अशा १३ प्रकारच्या चलाखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हे दोन्ही आहेत. 'फक्त २ सीट शिल्लक, ४१ लोक बघतायत' असली खोटी घाई पण त्यात आहे. 'नको, मला माझ्या घरच्यांची काळजी नाही' असं लिहिलेलं बटण दाबायला लावतात ना विमा नाकारताना, ते पण. तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. पण खरं सांगू का, तक्रारीपेक्षा टिक काढणं सोपं. मी आता शेवटच्या पानावरून मागं मागं येतो आणि प्रत्येक पानावर काय आपोआप जोडलं गेलंय ते बघतो.

सीटचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात आणि ते पण प्रेमापोटी. पडद्यावर विमानाचा नकाशा येतो, प्रत्येक सीटवर किंमत, आणि 'पुढे' चं बटण असं काही ठेवलेलं असतं की वाटतं सीट घेतल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. जाता येतं. कुठंतरी कोपऱ्यात फिक्कट अक्षरात 'स्किप' असतं. मग आईबापाला भीती, लेकरू एकटं कुठंतरी मागं बसेल. तर विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी डीजीसीएनं एप्रिल २०२४ मध्येच कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच्याच पीएनआरवरच्या, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवरच्या, आईबापापैकी किंवा पालकापैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. म्हणजे लेकरासाठी सीटचे पैसे भरायची गरज नाही, अट एवढीच की तिकीट एकाच पीएनआरवर पाहिजे. सहाचे सहा जण एका ओळीत बसतील याची गॅरंटी मात्र कुणी देत नाही. आम्ही काय केलं, फक्त आई-बाबांच्या दोन सीट घेतल्या, बाबांना वाटेच्या बाजूची, कारण त्यांना मधेमधे उठावं लागतं. बाकी वेब चेक-इनला, म्हणजे घरूनच मोबाईलवर बोर्डिंग पास काढताना, जे मिळेल ते. दोन तासात काय होतंय.

वेब चेक-इनवरून आठवलं, विमानतळावर बोर्डिंग पास काढायला पैसे लागतात असं अजून लोक सांगतात. काही कंपन्या घेत होत्या, पण जुलै २०२२ मध्ये विमान वाहतूक मंत्रालयानंच सांगितलं की काउंटरवर पास द्यायचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत. तेव्हा वयस्कर माणसाला मोबाईल जमत नसेल तर निवांत काउंटरवर जाऊ द्या.

सामान. देशात इकॉनॉमीला साधारण माणशी १५ किलो खाली आणि ७ किलो हातात. सहा जण म्हणजे ९० किलो, आपल्याला वाटतं बक्कळ झालं. पण दोन गोष्टी आहेत. एक तर हल्ली 'लाईट' नावाची भाडी आलीत, त्यात खाली टाकायची बॅगच नसते, फक्त हातातली. यादीत सगळ्यात वर तेच भाडं दिसतं कारण ते सगळ्यात स्वस्त. एकट्या पोराला ठीक आहे, दोन ड्रेस घालून निघाला. आपण मराठवाड्यातून निघतो तेव्हा दशम्या, चिवडा, स्वेटर, लेकरांचं दुधाचं, औषधाची पिशवी, तिकडच्या पाव्हण्यांसाठी काहीतरी, त्यामुळं तिकिटावर चेक-इन बॅगेज किती किलो लिहिलंय ते वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दुसरं म्हणजे काही कंपन्यांत १५ किलो म्हणजे एकच नग. आपल्याला सवय असते पाच छोट्या पिशव्यांची. तिथं जास्तीच्या नगाचे वेगळे पैसे. मोठ्या बॅगा थोड्या आणि गच्च, पण कुठलीच एक बॅग ३२ किलोच्या वर नको, ती तशीही घेत नाहीत.

आणि आमचं गंगाजल. आईनं हरकी पौडीवर पाच लिटरचे दोन कॅन भरले. मी म्हणलं एक बास, तर म्हणे गल्लीत सगळ्यांना द्यावं लागतं. पाण्याचं वजन लिटरला किलो, हे शाळेत शिकलोय, पण दिल्लीच्या काउंटरवर काटा फिरला तेव्हा आठवलं. चार किलो जास्त निघालं. आयत्या वेळी काउंटरवर जास्तीच्या वजनाचे किलोला पाच-सहाशे रुपये लागतात, म्हणजे त्या पवित्र पाण्याचे दोन हजाराच्या वर गेले. तेच आदल्या रात्री मोबाईलवरून जास्तीचे पाच किलो विकत घेतले असते तर कमी लागले असते. साधा घरगुती लटकवायचा वजनकाटा सोबत ठेवा, तीनशे रुपयात येतो. लोणचं, तेलातला ठेचा हातातल्या पिशवीत ठेवू नका, सिक्युरिटीवाले काढायला लावतात, खालच्या बॅगेत घाला. दशम्या, धपाटे हातात चालतं, मग विमानातल्या ४०० रुपयाच्या सँडविचची गरजच पडत नाही.

आता जरा अवघड भाग, पण पैसे इथं खरे वाचतात. विमानात समजा १८० खुर्च्या आहेत. त्या सगळ्या एका भावाच्या नसतात. एसटीत कसं, पहिला चढला काय न् शेवटचा चढला काय, तिकीट तेवढंच. विमानाचं भाडं सरकार ठरवत नाही, कंपनी ठरवते, आणि ती खुर्च्यांचे ढीग करून ठेवते. थोड्या ४,४९९ ला, त्या संपल्या की पुढचा ढीग ५,२०० ला, मग ६,०००. म्हणून मोंढ्यात सोयाबीनचा भाव सकाळी एक आणि दुपारी एक असतो तसं इथं पण होतं. लोक म्हणतात तुम्ही सारखं सर्च केलं म्हणून भाव वाढला, इन्कॉग्निटोत उघडा, अमुक वारी रात्री बारा वाजता बघा. त्यात मला तरी काही दम दिसला नाही. बहुतेक वेळा मधल्या मध्ये कुणीतरी त्या ढिगातल्या खुर्च्या उचललेल्या असतात.

फॅमिलीला याचा फटका कसा बसतो बघा. स्वस्त ढिगात चारच खुर्च्या शिल्लक आहेत आणि तुम्ही सहा जण टाकले, तर सिस्टीम चार स्वस्त आणि दोन महाग असं करत नाही, बहुतेक वेळा सहाच्या सहा वरच्या भावाला दाखवते. म्हणून आधी एक माणूस टाकून बघा, मग सहा टाका. माणशी भाव तोच आला तर प्रश्नच नाही. वेगळा आला तर चार टाका, तीन टाका, कुठं तुटतंय ते कळेल. मग चौघांचं एक बुकिंग आणि दोघांचं एक असं करता येतं. समजा ७०० चा फरक आहे, चार जण, एका बाजूचे २,८०० वाचले.

पण तोडायचं कसं ते डोकं लावून. ते सीटचं मघाशी सांगितलं, लेकरू आणि आईबाप एकाच पीएनआरवर पाहिजेत. आई-बाबांना आणि लेकरांना कधी एकटं वेगळ्या बुकिंगमध्ये टाकू नका, कारण विमान रद्द झालं तर कंपनी एकेक पीएनआर उचलून दुसरीकडं बसवते, दोन बुकिंग दोन वेगळ्या विमानात गेले तर तिथं भांडत बसाल. आमच्याकडं मी, बायको, लेकरं असं चौघांचं एक आणि आई-बाबांचं दुसरं करता आलं असतं, पण बाबा मोबाईलवरचा मेसेज वाचत नाहीत, म्हणून मी ते केलं नाही. पैसे थोडे गेले, झोप लागली.

कार्डवरच्या सवलतीत पण तोच गुणाकार, फक्त उलटा. 'अमुक बँकेच्या कार्डवर १२ टक्के सूट' याच्या खाली बारीक अक्षरात असतं, कमाल १,५०० रुपये. ते १,५०० एका बुकिंगला आहेत, माणशी नाहीत. सूट एकदाच मिळते आणि फी बारा वेळा लागते! म्हणून सवलत देणारी साईट आणि विमान कंपनीची स्वतःची साईट, दोन्हीकडं अगदी शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा कागदावर लिहायचा आणि मगच ठरवायचं. यूपीआयनं भरलं तर कुठं कुठं फी कमी लागते, ते पण तिथंच कळतं. सिनियर सिटीझन, विद्यार्थी, फौजी यांची वेगळी भाडी असतात, पण ती नेहमी स्वस्तच असतात असं नाही, साधं भाडं पण सोबत बघा. आणि ओळखपत्र सोबत नसलं तर फरक वसूल करतात.

विमानतळ कुठला पकडायचा हा आपल्याकडचा खास प्रश्न. नांदेडचं नाव उडान योजनेत, म्हणजे छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या सरकारी योजनेत, पहिल्याच दिवशी होतं, २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद पण सुरू झालं होतं. पण उडानच्या रूटला अनुदान तीन वर्षांचं, त्यामुळं आपल्याकडं विमान सुरू झालं न् बंद पडलं हे चालूच असतं. म्हणून पाव्हणा म्हणतो तिथून फ्लाईट आहे, तर आपल्या तारखेला आहे का ते स्वतः बघा. लातूरला धावपट्टी आहे, नेहमीची प्रवासी विमानं नाहीत. संभाजीनगरचं चिकलठाणा, तिथं शोधताना साईटवर जुनं औरंगाबाद नाव किंवा आयएक्सयू हा कोड टाकून बघावा लागतो. आणि मुंबई म्हणजे आता दोन विमानतळ, जुना आणि नवी मुंबईचा, दोन्ही पार वेगवेगळ्या टोकाला. मुंबईत विमान बदलायचं असेल तर उतरतो तो आणि चढतो तो एकच आहे का बघा, नाहीतर टॅक्सी आणि जीव दोन्ही जाईल.

बरेच जण म्हणतात पुण्याहून स्वस्त पडतं. तिकीट पडतं, कधी कधी. आम्हाला पुण्याहून माणशी एका बाजूला १,२०० कमी दिसत होते. बाराने गुणलं, १४,४००. डोळे चमकले. मग गाडीचा हिशोब लावला. परभणी-पुणे चारशे किलोमीटर धरा, संभाजीनगर दोनशे. सात सीटर गाडी किलोमीटरला १७ रुपये, सोडून रिकामी परत येते तिचे पण आपणच देतो. पुण्याला सोडायचे १३,६०० आणि परत आणायचे १३,६००, म्हणजे २७,२००. संभाजीनगरचे त्याच्या निम्मे, १३,६००. वाचले किती, तर ८००. त्यात टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता गेला, वर रात्रभर लेकरं मांडीवर. रेल्वेनं पुण्याला गेलो असतो तर गणित बदललं असतं, पण मग गाडी लेट झाली तर विमान आपली वाट बघत नाही, म्हणून एक मुक्काम धरावा लागतो. उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत जोडायचं, मधलंच तिकीट बघून नाचायचं नाही. याच कारणानं दोन वेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून स्वतःच कनेक्शन बनवू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी म्हणते आमचा काय संबंध, आणि सहा तिकिटं पाण्यात. दोन्ही टप्पे एका तिकिटावर असले की पुढं पोचवायची जबाबदारी त्यांची.

नावाचं एक. आपल्याकडं सुनेच्या आधारवर माहेरचं नाव आणि घरात सासरचं, आईच्या आधारवर 'बाई' लावलेलं आणि आपण टाकताना काढलेलं. नाव आधारवर जसं आहे तसंच टाका, आडनाव शेवटी. मागं एकदा गावातल्या एका एजंटानं आमच्या वहिनीचं नाव अंदाजानं टाकलं, दुरुस्तीला तिकिटाच्या जवळपास पैसे गेले. एजंटाकडून काढलं तरी मोबाईल आणि ईमेल आपलाच द्या, नाहीतर विमानाची वेळ बदलल्याचा मेसेज त्याला जातो आणि तो लग्नात जेवत असतो.

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर, कमी पैशात. दोन वर्षं झाली की स्वस्त कंपन्यांत बहुतेक मोठ्या माणसाएवढंच तिकीट. जाताना बाळ एक वर्ष अकरा महिन्यांचं आणि परतीच्या आधी वाढदिवस, असं असेल तर परतीला सीट घ्यावीच लागते. जन्मदाखला सोबत ठेवा, चेहरा बघून कुणी ऐकत नाही.

आणि रद्द करायचं झालं तर. विमान कंपनीकडून थेट काढलं असेल आणि प्रवासाला निदान सात दिवस असतील, तर बुकिंग केल्यापासून निदान चोवीस तास तरी दंड न लागता रद्द करायची मुभा असते. त्यानंतर दंड लागतो, पण तो मूळ भाडं आणि इंधनाचा चार्ज याच्यापेक्षा जास्त लावता येत नाही. विमानतळाच्या फिया आणि कर परत द्यावेच लागतात, तिकीट कितीही 'नॉन रिफंडेबल' असलं तरी. तुम्ही गेलाच नाहीत तरी पण. क्रेडिट कार्डनं भरले असतील तर रिफंड सात दिवसात. आणि ते पैसे कंपनीच्या वॉलेटमध्ये ठेवायचे का बँकेत घ्यायचे हे तुम्ही सांगायचं, त्यांनी नाही.

हे मला आमच्या काकांमुळं कळलं. त्यांचं हैदराबादचं तिकीट होतं, आदल्या रात्री ताप आला, गेले नाहीत, आणि घरात सगळ्यांनी धरून टाकलं की पैसे बुडाले. मी पीएनआर टाकून बघितलं तर कराचे अकराशे काहीतरी रुपये तिथं मागितल्याशिवाय पडून होते. अर्ज टाकला, आठवड्यात आले. काकांना फोन करून सांगितलं तर म्हणे, "बरं, अन् बाकीचे कधी येणार?"